खाशाबा जाधव आणि प्राचार्यांचं घर

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचा परिचय लिहून दे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तोवर साने गुरुजी आणि बहिणाबाई दोघंही वाटून झाले होते. मी इंजिनिअर, म्हणून विश्वेश्वरय्या माझ्यासाठी राखून ठेवले होते. तरुणपणी त्यांनी आपल्या धुळ्याकडे काम केलं, तेव्हा लेख सोपाही गेला असता. पण मी खाशाबा जाधव मागून घेतले. मंडळाला जरा नवल वाटलं. खाशाबा कराडचे, पैलवान, आणि खानदेशाशी त्यांचा तसा काही संबंध नाही. शिवाय माझा कुस्तीशी संबंध म्हणजे लहानपणी मामाच्या गावच्या जत्रेत बैलगाडीच्या जुवावर उभं राहून पाहिलेल्या नारळावरच्या कुस्त्या, एवढाच.

कारण सांगते. आपल्या वर्गातली चार माणसं कुठंही भेटली, पुण्यात भेटोत, सुरतेला भेटोत की जळगावच्या लग्नात पंगतीला शेजारी बसोत, मुलांच्या शिक्षणाचं आणि जमिनीच्या भावाचं बोलून झालं की गाडी हमखास एका स्टेशनावर येते: आपापल्या कॉलेजचा संघ. गरुड मैदानावर आणि सागर पार्कवर सामने बघत वाढलेली आपण पोरं. पुढे वेगवेगळ्या कॉलेजांत गेलो आणि सगळीकडे तेच पाहिलं. फीच्या पावतीवर जिमखान्याची ओळ असायची, पण खेळायला बॉल नसायचा. संघाची निवड सामन्याच्या आदल्या दिवशी. पोरं पहाटेच्या एसटीने उभ्याने जायची, दुपारी पहिल्याच फेरीत हरायची आणि रात्रीच्या एसटीने परत यायची. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात (नाव घेत नाही) मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला एक वर्षभर मुलांचे जुने टी-शर्ट होते, पाठीवर दुसऱ्याच कुणाची तरी नावं. आम्ही पंचवीस-तीस जणी न चुकता ओरडायला जायचो आणि परत येताना क्रीडा विभागाला शिव्या घालायचो. दरवर्षी जायचो आणि दरवर्षी घालायचो.

आपला संघ वाईट खेळतो याचा राग वेगळा आणि आपल्या संघाला कुणी उभंच केलं नाही याचा राग वेगळा. हा दुसरा राग ज्यांनी खाल्ला आहे, त्यांनी खाशाबांचं आयुष्य एकदा नीट वाचावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. ऑलिम्पिकचं पदक हा त्यातला एक भाग आहे. बाकीची गोष्ट एका कॉलेजची आणि पैशाची आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. पैलवानाच्या घरात पोरगं चालायला लागलं की त्याला मातीत सोडतात, तसंच इथंही झालं. आठ वर्षांचे असताना त्यांनी परिसरातल्या एका नामांकित मल्लाला दोन मिनिटांत चीत केलं, असं सांगतात. अशा गोष्टींत थोडं पाणी मिसळलेलं असतं हे आपण धरून चालू. पण मूर्ती लहान आणि हात पोलादी, हे वर्णन त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत होत राहिलं, तेव्हा मूळ खरं असणार.

शाळा कराडचं टिळक हायस्कूल. यशवंतराव चव्हाण याच शाळेचे माजी विद्यार्थी. खाशाबा तिथं 1940 ते 1947 होते, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीच्या ऐन धामधुमीत आणि तेही सातारा जिल्ह्यात. भूमिगतांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोचवणं ही कामं त्यांनी केली. त्यातून वेळ काढून मेहनत, आखाडा. 15 ऑगस्ट 1947 ला त्यांनी मनाशी ठरवलं की आपला नवा झेंडा ऑलिम्पिकमध्ये फडकवायचा. तोवर हिंदुस्थानला ऑलिम्पिक म्हणजे हॉकी एवढंच माहीत होतं.

मग कोल्हापूर, राजाराम कॉलेज. 1880 मध्ये सुरू झालेलं, संस्थानचं लाडकं कॉलेज. इथला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला खाशाबा गेले, तर क्रीडा शिक्षकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाव घ्यायला नकार दिला. हा किरकोळ पोरगा कुस्ती काय खेळणार? खाशाबा वाद न घालता थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ पोराने आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या गड्यांना एकामागून एक आडवं केलं. ज्या विभागाने खेळाडू शोधायचा, त्याच विभागाच्या दारातून खेळाडू परत फिरला होता. प्राचार्यांचं दार उघडं निघालं म्हणून पुढचं सगळं घडलं. आपल्यातल्या किती जणांची नावं अशा पहिल्याच टेबलावरून परत गेली असतील? आणि प्राचार्यांच्या केबिनपर्यंत जायची हिंमत किती जणांत होती?

कोल्हापुरात कुस्तीला तोटा नव्हता, हे इथं सांगायला हवं. शाहू महाराजांनी कुस्तीला पोटाशी धरलं, खासबागेचं मोठं मैदान बांधलं, गावोगावच्या पैलवानांना खुराक लावून दिला. तालमीतालमीतून मल्ल घडत होते. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या वस्तादांनी खाशाबांना तयार केलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि त्याला काही कळायच्या आत कमरेवरून जमिनीवर फेकायचं. जोडीला चपळाई अशी की समोरच्याला पकड घ्यायला अंगच सापडू नये.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशाने. तिथं पहिल्यांदाच त्यांच्या पायाखाली गादी आली. आपल्याकडची कुस्ती मातीतली. पाठ लागली की कुस्ती संपली आणि तोवर कितीही वेळ चालू दे. तिकडे घड्याळ, गुण, फेऱ्या, पंच आणि पायाला माती धरायच्या ऐवजी घसरणारी मऊ गादी. आमच्या धंद्यात म्हणायचं तर टेस्टिंगचं मशीन एक आणि प्रत्यक्ष चालवायचं मशीन दुसरंच, आणि दोन्हींमधला फरक ग्राहकाच्या दारात गेल्यावर कळला. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना गादीवरचं तंत्र शिकवलं. तेवढ्या अपुऱ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, मग इराणच्या मन्सूर रईसींकडून हरले, आणि फ्लायवेट गटात सहावे आले.  ते परत आले ते पुढचं गणित मांडतच. चार वर्षं आहेत, वजनगट वरचा घ्यायचा, गादीचा सराव करायचा.

पण या चार वर्षांत त्यांच्या पाठीमागची भिंतच नाहीशी झाली. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पैलवानाचा खुराक, तालमीची डागडुजी, परदेशी जाणाऱ्याचं तिकीट हे सगळं जिथून यायचं तो हात गेला, आणि नवा हात अजून पुढे आला नव्हता. राजाराम कॉलेजही सरकारकडे गेलं. खेळासाठी पैसे मागायचे तर आता अर्ज करायचा, तो मुंबईला जाणार, तिथं कुठल्या तरी टेबलावर बसणार. महाराजांच्या मर्जीवर चालणारं खातं बंद झालं आणि नियमावर चालणारं खातं अजून उघडलंच नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांचे जिमखाने आजही याच दोन खात्यांच्या मधल्या बोळात उभे आहेत, असं माझं मत आहे. पटत नसेल तर संमेलनात भांडू.

1952 च्या हेलसिंकीसाठी निवड झाली त्याचीही एक कथाच आहे. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना एका गुणाने हरवण्यात आलं. हरवण्यात आलं असं मी मुद्दाम लिहिते, कारण निकालात गडबड आहे अशी त्यांची स्वतःची आणि त्यांच्या माणसांची खात्री होती. कोल्हापुरात संताप झाला. पण नुसत्या संतापाने यादीत नाव चढत नाही. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंग होते. खाशाबांनी त्यांच्याकडे दाद मागितली. महाराज कुस्तीतले जाणकार. त्यांनी कागद चाळत न बसता कलकत्त्याच्या निरंजन दास यांच्याशी खाशाबांची कुस्ती पुन्हा लावायला सांगितलं. खाशाबांनी दासांना चीत केलं. निवड झाली.

निवड झाली, पण तिकिटाचं काय? त्या काळी देशाच्या संघात नाव आलं तरी जाण्यायेण्याचा खर्च बऱ्याच अंशी ज्याचा त्याने बघायचा होता. खाशाबा आणि त्यांची माणसं दारोदार फिरली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. दुकानदारांनी दिली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपये मागितले गेले आणि स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळालं, असं सांगतात. आपल्या परिचयाचं उत्तर आहे. बाहेरून भांडून आलात तर हार घालू, जाण्याआधी मात्र तरतूद नाही.

आणि इथं खर्डेकर पुन्हा येतात. त्यांनी स्वतःचं राहतं घर मराठा बँकेकडे गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे करून खाशाबांच्या हातात दिले.

आपण जळगावकडची माणसं, तेव्हा सोन्यात मोजते. 1952 साली दहा ग्रॅम सोनं शंभर रुपयांच्या आत मिळत होतं. म्हणजे या सात हजारांत सत्तर तोळ्यांच्या वर सोनं आलं असतं. आजचा भाव तुम्हीच लावा. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर गृहकर्ज आहे किंवा नुकतंच फिटलंय. गहाणखतावर सही करताना पेन किती जड होतो, हे वेगळं सांगायला नको. आणि आपण ती सही केली स्वतःच्या घरासाठी. या माणसाने केली ती कॉलेजातल्या एका मुलासाठी. तो मुलगा जिंकेलच अशी खात्री नव्हती, हरला तर पैसे परत येण्याची वाट नव्हती, आणि जिंकला तरी पदकाबरोबर पैसे मिळत नसत.

खर्डेकर हे काही खेळाच्या खात्यातले गृहस्थ नव्हते. बॅरिस्टर, प्राध्यापक, फर्डे वक्ते, पहिल्या लोकसभेत कोल्हापूरकडून निवडून गेलेले खासदार. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे, वेंगुर्ल्याच्या कॉलेजला आहे.

घर गहाण ठेवल्याची ही गोष्ट भाषणांत सांगतात तेव्हा सभागृहात सगळ्यांचे डोळे ओले होतात. माझेही झाले होते, पहिल्यांदा. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा राग आला. एवढा मोठा देश, एवढं मोठं राज्य, संघटना, कॉलेज, आणि एका मल्लाच्या हेलसिंकीच्या तिकिटासाठी शेवटी एका मास्तराच्या बायकोमुलांच्या डोक्यावरचं छप्पर? गुरूची थोरवी सांगताना आपण हा हिशोब अलगद गिळून टाकतो. खर्डेकरांना ते करावं लागलं, ही गोष्ट अभिमानाची जेवढी आहे तेवढीच लाजेची आहे. आपल्या शाळेतही असे सर होते. रिले संघाच्या बुटांचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, हे त्या संघातल्या चौघांना माहीत आहे आणि ते सर हा अंक वाचणार आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

या निमित्ताने एक विषय काढून ठेवते. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर दोन मतं आहेत. एक, प्रवेशद्वारावर कमान, त्यावर बॅचचं नाव. दुसरं, दरवर्षी खेळाच्या संघांचा प्रवास, जेवण आणि बूट यांसाठी ठरावीक रक्कम, व्याजातून, ज्याचं कुठंही नाव लागणार नाही. माझं मत दुसऱ्याला आहे. कमान एकदा उभी केली की दिसते. एसटीच्या तिकिटाचे पैसे दिलेले कुणाला दिसत नाहीत, आणि नेमके तेच दरवर्षी कमी पडतात. असो. खाशाबा बोटीची वाट बघतायत.

हेलसिंकीत त्यांचा गट होता बॅंटमवेट, 57 किलो, फ्रीस्टाइल. गडी 26 वर्षांचा. आता गादी परकी नव्हती. कॅनडाच्या मल्लाला हरवलं, मेक्सिकोच्या मल्लाला हरवलं, जर्मनीच्या मल्लाला हरवलं. मग समोर आले जपानचे शोहाची इशी. ही कुस्ती लांबली. घामाने भिजलेल्या दोन्ही गड्यांनी पंधरा मिनिटांच्या वर एकमेकांना दाद दिली नाही. शेवटी गुणांवर इशी जिंकले. खाशाबा थकून बाहेर येतात न येतात, तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी खेळायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. पण तो नियम दाखवून टेबलावर हात आपटायला भारतीय पथकातलं कुणी तिथं हजर नव्हतं, असं या कुस्तीबद्दल सांगितलं जातं. खाशाबांना इंग्रजीत वाद घालणं जमण्यासारखं नव्हतं. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य, खाशाबांना कांस्य.

तारीख 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. 1900 मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदकं मिळवली होती, पण तो काळ इंग्रजी अमलाचा.

मला त्या पदकापेक्षा तो रिकामा कोपरा जास्त दिसतो. सामना चालू असताना आपल्या पोरांच्या बाजूने नियम सांगणारं कुणी नसणं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरच्या संघाचे क्रीडा शिक्षक, व्यवस्थापक, पाण्याचा जार धरणारा शिपाई असे चौघं उभे, आणि आपल्या बाजूला कॅप्टनच्या खिशात ओळखपत्रांचा गठ्ठा. हे चित्र पाहिलेली माणसं आपल्यात आहेत. कागदावर संघ पाठवला जातो, पण त्याच्या बरोबर कुणी जात नाही. हेलसिंकीत तेच झालं, फक्त मैदान मोठं होतं.

याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्याच मातीतले केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एका पायरीने पदक हुकलं. त्यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? एकाच भागातले दोन मल्ल, एकाच आठवड्यात, जगात तिसरा आणि चौथा. ज्या व्यवस्थेकडे तिकिटाला पैसे नव्हते तिच्याकडे माणसं ही अशी होती.

परतल्यावर दिल्लीचा सगळा गुलाल हॉकीच्या संघाला गेला. त्यांनी सुवर्ण आणलं होतं, तेव्हा त्यांचा मान मोठा, हे ठीक. खाशाबांचं स्वागत केलं ते त्यांच्या माणसांनी. कराड स्टेशनवर दीडशेच्या वर बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, फटाके, झांजा. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचा एरवी थोडक्या वेळाचा रस्ता, त्याला त्या दिवशी तासन्‌तास लागले. ज्यांनी आठ आणे, रुपया वर्गणी दिली होती ती सगळी माणसं त्या रस्त्यावर होती. त्या मिरवणुकीत त्यांचाही वाटा होता, अगदी रोख दिलेला.

आणि नंतर खाशाबांनी जे केलं ते मला त्या पदकाच्या तोलाचं वाटतं. मिरवणूक संपली, हार सुकले, पण प्राचार्यांचं घर अजून बँकेकडेच होतं. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. लोक तिकीट काढून आले. ऑलिम्पिकचा पदकवीर पुन्हा लाल मातीत उतरला, लढला, जिंकला, आणि मिळालेला पैसा खर्डेकरांच्या हाती दिला. घर सुटलं. सरकार आलं नाही, संघटना आली नाही. खेळाडूने कर्ज फेडलं ते प्रेक्षकांच्या तिकिटावर. म्हणून मी जेव्हा ऐकते की नुसत्या ओरडणाऱ्या प्रेक्षकांना काय कळतं, तेव्हा मला ते कोल्हापूरचे तिकीट काढणारे लोक आठवतात.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं, कारण त्यात दाखवायला फार थोडं ठेवलं गेलं. पदकानंतर तीन वर्षांनी, 1955 मध्ये, मुंबई पोलिसांत त्यांना उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. पोलिसांच्या स्पर्धा ते जिंकत राहिले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघ्याची गंभीर दुखापत झाली आणि ते दार बंद झालं. 27 वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावलं होतं, एवढीच काय ती देशाला झालेली आठवण.

14 ऑगस्ट 1984 ला एका रस्ता अपघातात खाशाबा गेले. वय 58. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते 1996 मध्ये. आपण नुकतेच दहावी होऊन अकरावीत गेलेलो. अटलांटात लिएंडर पेसला टेनिसमध्ये कांस्य मिळालं आणि वर्तमानपत्रांत आलं की 44 वर्षांनंतर वैयक्तिक पदक. मग ते 44 वर्षांपूर्वीचं कुणाचं, म्हणून शोध सुरू झाला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ वाढली. कुस्तीतलं दुसरं पदक यायला तर 2008 उजाडलं, सुशीलकुमारचं, म्हणजे 56 वर्षं.

अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला. त्यानंतर 23 वर्षं खाशाबा हयात होते. त्यांना तो मिळाला नाही. मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. राज्य सरकारचा छत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच. पद्म पुरस्कार तर अजूनही नाही. 2010 मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. 2023 च्या 15 जानेवारीला गूगलने मुखपृष्ठावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या बंगळुरूच्या मुलांनी मला विचारलं की हे कोण. त्यानंतर राज्य सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. आता 15 जानेवारीला आपल्या शाळेतही त्यांच्या फोटोला हार असतो.

गोळेश्वरात त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणाही सरकारने केली होती. वर्षं जात राहिली, काम काही उभं राहिना. 2017 मध्ये खाशाबांच्या मुलाने जाहीरपणे सांगितलं की सरकारला जमत नसेल तर आपण हेलसिंकीचं पदक लिलावात काढू आणि त्या पैशातून तालीम बांधू. गावातल्या त्यांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास आहे. 1952 मध्ये प्राचार्यांचं घर गहाण पडलं होतं. पासष्ट वर्षांनी त्याच कारणासाठी पदक विकायला काढावं की काय, हा विचार त्या घरात चालू होता.